थांब म्हणणाऱ्याने आधी बावटा दाखवावा

मी दिंडोशीत राहतो. इथून समुद्र दिसत नाही. दिसतात ते टॉवर, हायवे आणि पलीकडे आरेची झाडी. त्यामुळे आजची पोस्ट समुद्रातल्या झेंड्यांबद्दल आहे म्हटल्यावर काहीजण हसतील. हसा. पण तुमच्या ताटातला बोंबील जिथून येतो, तिथली गोष्ट आहे. पाच-सात मिनिटं द्या.

आमच्या बाजारात मढवरून एक मावशी येतात. बोंबील, मांदेली, कधी कोलंबी, नशीब असेल तर पापलेट. सात-आठ वर्षांची ओळख. मी पत्रकार आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून मला नावाने हाक मारत नाहीत, "पेपरवाले" म्हणतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या पाटीत मासळी कमी होती. मी सहज विचारलं, "काय मावशी, आज एवढंच?"

"काय सांगू पेपरवाले. पोराच्या बोटीला अडवली ना."

"कोणी?"

"तेच तर. कोणी, ते कळलंच नाय."

मग मासळी कापता कापता त्यांनी सगळं सांगितलं. पोरगा म्हणजे त्यांचा पुतण्या. पहाटेची वेळ, नुकतं उजाडलं होतं. एक बोट बाजूला आली. साधी मासेमारीचीच बोट, तसाच रंग, तसंच केबिन. काठीवर तिरंगा, तो तर यांच्याही बोटीवर होता. आत तीन-चार माणसं, त्यातल्या एकाच्या अंगात जाकीट. "सरकारी गस्त आहे, इंजिन बंद करा, कागद दाखवा." कागद दाखवले. मग म्हणे लायसन्समध्ये खोट आहे, जाळ्यात खोट आहे. शेवटी बर्फातली चांगली मासळी आणि तांडेलाच्या खिशातले होते तेवढे पैसे घेऊन बोट निघून गेली. पावती नाही. नाव नाही. नंबर टिपायला गेले तर केबिनला ताडपत्री बांधलेली.

दुसऱ्या दिवशी मी मालाडहून मढची बस धरली. मार्वे रोड, मालवणी, अक्सा करत जेट्टीवर पोचलो. पुतण्याला भेटलो. त्याची गोष्ट मावशींच्या गोष्टीशी जुळली. मग दोन-तीन ठिकाणी फोन केले. प्रत्येकाचं उत्तर एकच, "ती आमची बोट नव्हती." मी कुणावरही आरोप करत नाही. कदाचित ती खरंच कुणाचीच नसेल, सरकारी असल्याची बतावणी करणारे भामटे असतील. कदाचित कुणाची तरी असेलही. माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्रात अडवलेल्या माणसाला हे कळायचा काही मार्गच नव्हता. आणि मार्ग नसेल, तर तक्रार करायची कुणाविरुद्ध?

मला खटकलं ते हे. मासळी गेली, पैसे गेले, ते एक वेळ भरून येतील. पण तो पुतण्या मला म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी मी थांबणार नाय. फुल्ल स्पीड मारणार." आता पुढच्या वेळी समोर खरा अधिकारी असला तर?

मित्रांनो, दर्यावरचा माणूस झेंड्यांच्या बाबतीत अडाणी नसतो. उलट त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला" ही बातमी आपण लहानपणापासून पेपरात वाचतो आणि पान उलटतो. कोळीवाड्यात त्याचा अर्थ होड्या वर ओढा असा होतो. खरं तर तिथे कापडाचा झेंडा नसतो. दिवसा खांबावर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. एक ते अकरा असे नंबर आहेत. तरी आपल्या भाषेत त्याला बावटाच म्हणतात, कारण लांबून दिसणारी आणि अर्थ ठरलेली खूण म्हणजे बावटा. जाळ्याच्या टोकाला बांबू उभा करून त्यावर फडकं बांधतात, तोही बावटाच. माझं जाळं इथे आहे, वरून बोट घालू नका. नारळी पौर्णिमेला होड्या पताकांनी सजतात, ते तर तुम्ही फोटोत पाहिलंच असेल. म्हणजे कापड वाचायला शिकवायची गरज नाही. ज्या कापडाचा अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवला आहे, असं एक कापड दाखवायची गरज आहे.

आता कुणी म्हणेल, तिरंगा असतो ना सरकारी बोटीवर? असतो. आणि तो मासेमारी बोटींवरही असतो. २०२२ च्या 'हर घर तिरंगा' नंतर तर बंदरातल्या कितीतरी होड्यांवर तो दिसतो, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण मग तिरंगा पाहून ही बोट भारतीय आहे एवढंच कळतं. ती कायदा राबवायला आली आहे की बोंबील धरायला, हे कळत नाही. आणि राष्ट्रध्वजावर खात्याचं नाव लिहून घेताही येत नाही. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्यावर काही लिहायचं नाही, आणि दुसरा झेंडा त्याच्या वर लावायचा नाही. म्हणजे तिरंगा वर राहील, आणि कामाची ओळख सांगणारी पताका वेगळी, त्याच्या खाली लागेल. जगात अशीच पद्धत आहे. आपल्याकडेही काही दलांची आहे.

तटरक्षक दलाचंच घ्या. १९७७ साली सुरू झालेलं हे दल. पांढरी बोट, अंगावर तिरका भगवा पट्टा, आणि स्वतःचा निळा ध्वज, ज्याच्या कोपऱ्यात तिरंगा आणि बाजूला दलाचं चिन्ह. आठवीतलं पोरही लांबून ओळखेल. नौदलाचा ध्वज २ सप्टेंबर २०२२ ला बदलला, त्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. ध्वजाचं महत्त्व आपल्याला कळत नाही असं नाही. मोठ्या जहाजांच्या बाबतीत कळतं. छोट्या बोटीपर्यंत यायला आपण थकतो.

आणि मच्छीमाराशी रोजचा संबंध कुणाचा? विमानवाहू जहाजाचा नाही. संबंध येतो तो छोट्या गस्ती नौकेचा.

थोडं कायद्याचं सांगतो, कंटाळू नका. राज्यघटनेत मासेमारी हा राज्याचा विषय आहे, पण प्रादेशिक समुद्राच्या बाहेरची मासेमारी केंद्राच्या यादीत. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर, इथपर्यंत राज्याचा कायदा. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचं क्षेत्र. आपल्या राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदी. २०१६ च्या फेब्रुवारीत सोमवंशी समितीच्या अहवालावरून पर्ससीन जाळ्यांवर मोठे निर्बंध आले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने आपल्या क्षेत्रात एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. आणि २०२१ मध्ये राज्याने जुन्या कायद्यात दुरुस्ती करून दंड जबरदस्त वाढवले. एलईडी लावून मासेमारी केली तर ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत. बेकायदा पर्ससीनला १ लाखापासून ६ लाखांपर्यंत.

हे दंड वाढले ते बरोबरच झालं. ते वाढावेत म्हणून पारंपरिक मच्छीमारांनीच वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली. रात्री समुद्रात दिवाळीसारखा प्रकाश पाडून लहान-मोठी सगळी मासळी उपसून नेणाऱ्यांविरुद्ध ओरडणारा हाच डोलवाला आणि हाच गिलनेटवाला होता. त्यामुळे ही पोस्ट गस्तीच्या विरोधात आहे असं कृपया कुणी समजू नये. गस्त हवीच, आणि आत्ता आहे त्याहून जास्त हवी.

पण त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. आधी या खटल्यांचा निवाडा तहसीलदारांकडे जायचा. आता तो मत्स्यव्यवसाय खात्याच्याच सहाय्यक आयुक्तांकडे आहे. काम लवकर व्हावं हा हेतू, आणि तो समजण्यासारखा आहे. पण म्हणजे पकडणारं खातं आणि दंड ठरवणारं खातं एकच झालं. अशा वेळी पकडण्याची पहिली पायरी तरी स्वच्छ दिसली पाहिजे ना? कोणत्या बोटीने अडवलं, बोटीवर कोण अधिकारी होता, अडवण्याआधी ओळख दिली का? २० लाखांचा प्रश्न असेल तर हे किरकोळ प्रश्न नाहीत.

त्यात आपली अडचण अशी की गस्तीच्या नौका बहुतेक वेळा भाड्याने घेतल्या जातात. निविदा निघते, खाजगी मालकाची बोट ठराविक काळासाठी लागते. स्वतःच्या नौका बांधायला पैसा आणि वेळ लागतो, म्हणून हा मार्ग. त्यालाही माझा विरोध नाही. पण भाड्याची बोट म्हणजे शेवटी ट्रॉलरच. तो दिसतो ट्रॉलरसारखा, आवाज ट्रॉलरचा. त्याच्या केबिनला फ्लेक्सचा बॅनर बांधला की तो सरकारी झाला, आणि सोडला की पुन्हा खाजगी.

बॅनरवर काय असतं? मराठीत चार शब्द. आता कोकणातल्या कुठल्याही मोठ्या बंदरात जा, खलाशी कोण आहेत बघा. नेपाळचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत, झारखंडचे आहेत. त्यातल्या किती जणांना लाटांवर हलणाऱ्या बोटीवरचा, वाऱ्याने गुंडाळलेला, मिठाने उडालेला मराठी फ्लेक्स पाचशे फुटांवरून वाचता येणार? अक्षरं वाचावी लागतात. रंग नुसता दिसला तरी पुरतो. समुद्रावर हजार वर्षं झेंडे आहेत ते शोभेसाठी नाहीत, वेगवेगळ्या भाषांची माणसं तिथे एकमेकांना भेटतात म्हणून आहेत.

मी दापोलीत बातमीदारी करत होतो तेव्हाची एक आठवण सांगतो. तिकडच्या एका बंदरात एक अधिकारी भेटले होते. प्रामाणिक माणूस. आदल्या रात्री एलईडीवाल्या बोटीचा पाठलाग केला होता, तिकडून दगड आणि बाटल्या आल्या, यांच्या माणसाच्या कपाळाला टाके पडले. सकाळी बोटीचा मालक हात जोडून उभा. "साहेब, आम्हाला वाटलं लुटारू आले." खोटं बोलत होता का? बहुतेक बोलत असावा. पण अधिकारी मला म्हणाले ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, "माझ्या खिशात ओळखपत्र आहे हो. पण दोनशे फुटांवरून माझं ओळखपत्र कोण वाचणार? आणि हा खोटं बोलतोय हे मी सिद्ध कसं करू?"

बघा, मढचा तो पुतण्या आणि तिकडचे ते अधिकारी एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत, पण दोघांची अडचण एकच आहे. बोटीची ओळख नाही. ती असती तर पुतण्याला कळलं असतं की हे खोटे आहेत. आणि मालकाला म्हणता आलं नसतं की मला कळलं नाही.

ही गोष्ट जगाला फार आधी कळली. अमेरिकेत १७९९ साली एक कायदा झाला. जकात चुकवणारी गलबतं अडवायला सरकारने छोट्या बोटी ठेवल्या होत्या, पण त्या इतर बोटींसारख्याच दिसायच्या. म्हणून त्यांना वेगळा झेंडा दिला, उभ्या १६ पट्ट्यांचा, तेव्हाच्या १६ राज्यांचे १६. कायद्यात क्रम स्पष्ट होता. आधी आपला झेंडा चढवायचा, आणि त्यानंतरही समोरचा थांबला नाही तरच बळ वापरायचं. आजच्या त्यांच्या तटरक्षक दलाचा झेंडा त्यातूनच आला.

युरोपातही १८८२ मध्ये हेग इथे उत्तर समुद्रातल्या मासेमारीबद्दल सहा देशांचा करार झाला. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स. एकमेकांची जाळी कापणं, भांडणं, मारामाऱ्या यांना सगळे वैतागले होते. गस्तीची जहाजं ठेवायची ठरली. आता फ्रेंच कोळ्याला इंग्रज जहाज अडवणार, तर त्याला कळणार कसं की हे युद्धाचं नाही, मासेमारीच्या नियमाचं काम आहे? म्हणून मासेमारी तपासणाऱ्या जहाजांसाठी खास पताका आली, निळी आणि पिवळी. आजही अटलांटिकच्या उत्तर भागात मासेमारी तपासणारी जहाजं तपासणीची वेगळी पताका लावतात.

आपण सही केलेला संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार आहे, १९८२ चा. त्यात पाठलागाबद्दलचं १११ वं कलम आहे. युद्धनौका सोडून दुसऱ्या कुठल्या बोटीने परदेशी जहाजाचा पाठलाग करायचा, तर ती बोट सरकारी कामावर आहे हे स्पष्ट खुणांनी ओळखू आलं पाहिजे आणि तिला तसा अधिकार दिलेला असला पाहिजे. म्हणजे परदेशी जहाजाला ही सवलत आहे. मग मढच्या, वर्सोव्याच्या, हर्णैच्या, मालवणच्या माणसाला तीच सवलत द्यायला काय हरकत आहे? आपल्याच समुद्रात आपल्याच माणसाला परक्यापेक्षा कमी मान का?

आणखी एक गोष्ट आहे जी आपण वापरत नाही. आंतरराष्ट्रीय संकेत-संहितेत 'एल' नावाचा बावटा आहे. चौकोनी, त्यात चार घरं, दोन पिवळी, दोन काळी, तिरकी समोरासमोर. अर्थ एकच: तुमची बोट ताबडतोब थांबवा. रात्री तोच संदेश दिव्याने किंवा भोंग्याने देता येतो. एक छोटा, एक लांब, दोन छोटे. तपासणीसाठी बोटीवर चढणार आहोत हे सांगायलाही वेगळा संकेत आहे. मच्छीमारांचे स्वतःचेही संकेत आहेत. जवळजवळ मासेमारी करताना पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा बावटा म्हणजे मी जाळं ओढतोय. लाल, काळा, पिवळा, निळा असे चार त्रिकोण म्हणजे मी जाळं टाकतोय. ही सगळ्या जगाची दर्याची भाषा आहे. गस्तीवाले आणि मच्छीमार दोघांनाही ती शिकवायला एका सोसायटीच्या हॉलमध्ये एक दुपार पुरेल.

आता विरोधी मुद्दे. मी ते टाळणार नाही, कारण जेट्टीवर मला ते तोंडावर सांगितले गेले.

पहिला, "झेंडा दिसला तर चोर पळतील. लपूनछपूनच पकडावं लागतं." बरोबर आहे, म्हणून मी म्हणत नाही की बंदरातून निघाल्यापासून पताका फडकवत फिरा. लांबून नजर ठेवताना खाली ठेवा. पण ज्या क्षणी जवळ जाऊन थांब म्हणायचं, त्याआधी ती वर गेली पाहिजे. साध्या वेशातला पोलीसही पकडताना "पोलीस" म्हणतोच की. न सांगता हात धरला तर लोक त्याला चोर समजून बडवतात, आणि मग चूक कुणाची?

दुसरा, "रात्री झेंडा कोणाला दिसतो?" नाही दिसत. म्हणून पताकेवर प्रकाश टाका, ठरलेल्या रंगाचा लुकलुकता दिवा लावा, कर्ण्यावरून बोटीचा नंबर आणि अधिकाऱ्याचा हुद्दा सांगा, व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर बोला. दिवसा पताका, रात्री दिवा आणि आवाज. बंदरावरच्या धोक्याच्या खुणांना हीच रीत शंभर वर्षांहून जास्त चालत आलीय.

तिसरा, "आता ड्रोन आलेत, झेंडे कसले लावता?" जानेवारी २०२५ मध्ये राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू केली. चांगलं पाऊल आहे. ड्रोन वरून बोटीचा नंबर टिपेल, फोटो काढेल. पण ड्रोन बोटीवर चढत नाही. लायसन्स बघत नाही, जाळ्याचा आस मोजत नाही, माणसाशी बोलत नाही. शेवटी कुणीतरी बोट घेऊन जवळ जाणारच. आणि जे जवळ जातील त्यांच्या ओळखीचा प्रश्न आहे तिथेच राहतो.

चौथा, "उद्या भामटेही तीच पताका शिवून घेतील." घेतील. खाकी गणवेशही बाजारात शिवून मिळतो, म्हणून पोलिसांनी गणवेश सोडला का? पताकेवर मोठा नंबर हवा, पावतीवर तोच नंबर हवा, आणि त्या दिवशी तो नंबर कुठल्या बोटीला, कुठल्या अधिकाऱ्याला दिला होता याची नोंद किनाऱ्यावर हवी. मच्छीमाराने फोन करून विचारलं की पाच मिनिटांत हो किंवा नाही कळलं पाहिजे. खोटी पताका लावणाऱ्याला वेगळी, कडक शिक्षा. आज खोटं ठरवायला मुळात खरं काय तेच लोकांना दाखवता येत नाही.

२६/११ आठवतंय? ते दहा जण 'कुबेर' नावाच्या मासेमारी बोटीतून मुंबईजवळ आले. बोट आपली होती, गुजरातची. लांबून पाहणाऱ्याला ती रोजच्या शेकडो बोटींसारखीच वाटली. मग छोट्या होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरला उतरले, तेव्हा त्यांना हटकलं ते कोळी लोकांनीच. त्यानंतर आपण मच्छीमारांना ओळखपत्रं दिली, बोटींना नंबर आणि रंग ठरवून दिले, बंदरावर नोंदी सुरू केल्या. म्हणजे मच्छीमाराने आपण कोण आहोत ते चारही बाजूंनी सांगायचं. तो सांगतोही. मढच्या पुतण्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत मी स्वतः कागद मोजले. बोटीची नोंदणी, लायसन्स, विमा, प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र. एक पूर्ण बंडल. त्याला "तू कोण" विचारणाऱ्याकडे दाखवायला मात्र काहीच नव्हतं.

आपल्या किनाऱ्यावर परवाना मागण्याची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज कार्ताझ मागायचे, कान्होजी आंग्र्यांचं दस्तक असायचं. दस्तक नसलेलं गलबत अडवलं जायचं. पण अडवणारं कोण, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची. आंग्र्यांच्या आरमाराला बॅनर बांधावा लागला नाही.

तर मागणी काय? मी काही तज्ज्ञ नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा आणि वीस वर्षांची पायपीट एवढंच माझं भांडवल. तरी मढहून परतताना बसमध्ये वहीत जे लिहिलं ते इथे टाकतो.

एक. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सातही सागरी जिल्ह्यांत मासेमारी गस्तीची एकच पताका. रंग दोनच, भडक, लांबून दिसणारे, तिरंग्याशी आणि कुठल्याही पक्षाशी न जुळणारे. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, सांगायची गरज नाही का ते.

दोन. पताका बोटीची नाही, कामाची. अधिकारी बोटीवर असेल तेव्हाच ती चढेल. भाड्याची बोट मालकाकडे परत गेली की पताका कार्यालयात जमा.

तीन. थांबवण्याआधी पताका आणि पिवळा-काळा 'एल' बावटा, दोन्ही. तो चढवल्याची वेळ नोंदवहीत आणि मोबाईलच्या व्हिडिओत. हा पुरावा अधिकाऱ्याच्याच उपयोगाचा आहे.

चार. फाटकी, विटलेली पताका चालणार नाही. समुद्रावरचं ऊन आणि खारा वारा कापड फार टिकू देत नाहीत. शिवून घ्यायला असा कितीसा खर्च येणार? दंडाच्या एका पावतीत सगळ्या किनाऱ्याच्या पताका होतील.

पाच. प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर या पताकेचं रंगीत चित्र, खाली तक्रारीचा फोन नंबर. मराठीत, हिंदीत, आणि खलाशांसाठी नेपाळीतही.

आणि सहावं आपल्या कोळी बांधवांसाठी. हे सगळं झालं, तर बावटा दिसल्यावर थांबायचं. मग "वाटलं नाही", "दिसलं नाही", "लुटारू समजलो" हे चालणार नाही. फुल्ल स्पीड मारायची नाही, दगड उचलायचा नाही. समोरच्याने ओळख दिली की आपण मान द्यायचा. हक्क मागताना ही बाजूही कबूल करावी लागेल, नाहीतर आपलं म्हणणं कुणी ऐकणार नाही.

मला माहीत आहे, राज्यात मोठे प्रश्न आहेत. पाच रंगीत फडक्यांसाठी कोण वेळ देणार? पण पहाटेच्या अंधुक उजेडात, किनाऱ्यापासून दोन तास लांब, सहा माणसं एका होडीत उभी आहेत आणि अनोळखी बोट अंगावर येतेय, ती वेळ डोळ्यासमोर आणा. त्यांना फोनची रेंज नाही, शेजारी नाही, चौकी नाही. त्या वेळी समोरच्या काठीवर काय दिसतं, त्यावर ते थांबायचं की पळायचं ठरवणार. चुकीचं ठरवलं तर कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. त्यांचा किंवा त्या अधिकाऱ्याचा.

परवा मावशी पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "काय पेपरवाले, लिवलं काय आमच्या पोराचं?" मी म्हटलं, लिहितोय. "लिवून काय व्हनार?" असं म्हणून त्यांनी अर्धा किलो बोंबील तोलले आणि वर दोन घातले.

काय होणार ते मलाही माहीत नाही मावशी. पण विचारायला तर हवं.

मढ, भाटी, मनोरी, गोराई, वर्सोवा इथल्या मित्रांनो, तुमच्या बोटीला असं कधी कुणी अडवलं असेल तर मला सांगा. नाव छापणार नाही. गस्तीवर काम केलेल्या अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनीही लिहावं, तुमची बाजू मला तितकीच हवी आहे. आणि आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींपर्यंत ही पोस्ट पोचवा. दिंडोशीला समुद्र नाही, पण मासे खाणारे मतदार भरपूर आहेत.